हत्तीबेटाकडची काठी

7 डिसेंबर 2024, शनिवार

थंडी पडली. हवा कोरडी झाली की हिकरीचं लाकूड आकसतं. भिंतीवरचे गोल्फचे लोखंडी क्लब हलवून पाहिले, दोनांची डोकी खुळखुळतायत. एकेक खाली काढून दांड्यांना जवसाचं तेल लावायला घेतलं. उकळलेलं तेल, फडक्यावर चार थेंब, वरून खाली. मग कोरड्या फडक्यानं पुसायचं. जास्त झालं की चिकटतं, धूळ धरतं.

निम्मेच झाले. तेल संपलं.

8 डिसेंबर

पेंटच्या दुकानात तेल घेतलं. शेजारी उभ्या मुलानं विचारलं, गोल्फच्या काठ्या उदगीरात कशाला? त्याला घरी ये म्हणालो. सांगण्यापेक्षा हातात दिलेलं बरं.

9 डिसेंबर

आज लाकडी डोक्यांचे क्लब. ब्रासीचं डोकं पर्सिमनचं, खाली पितळेची पट्टी, पाठीत शिसं ओतलेलं. पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्याच जातकुळीतलं अमेरिकन झाड. ज्या झाडाची पानं आपण विड्या वळायला तोडतो, त्याची परदेशी भावंडं तिकडे चेंडू मारायला वापरली. आयटीआयत सुतारकाम शिकवताना हे मुलांना सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची. लाकूड कुठलंही असो, त्याचं कूळ विचारावं.

दांडा हिकरीचा. अक्रोडाच्या कुळातलं झाड, अमेरिकेतलंच. रेषा सरळ, वाकतं आणि परत येतं, धक्का हातापर्यंत येऊ देत नाही. आपल्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी धावड्याला जो मान, तो तिकडे हिकरीला.

उजव्या डोळ्यानं पितळेवरची अक्षरं धूसर दिसली. भिंग घेऊनही धूसर.

11 डिसेंबर

दुपारी भंगारवाल्या भाईंचा फोन. "सर, तुमच्या वळणाचं कायतरी आलंय. येऊन बघा."

देगलूर रस्त्यापर्यंत चालत गेलो. बोअरच्या मोटरीचं आवरण, वाकलेले पाइप, सायकलची चाकं, फुटकं घंगाळ. त्यात एक काठी, उलटी खोचलेली. खेचून काढली आणि हात तसाच राहिला.

लोखंडी डोक्याचा क्लब. मॅशी. हिकरीचा दांडा.

काठी म्हणून वापरलेला. डोकं वर मुठीला, दांड्याचं जाड टोक खाली जमिनीला, त्याला लोखंडी शेंबी. भाईंनी तागडीत टाकला आणि लोखंडाचा भाव लावला, लाकूड धरणार नाही म्हणाले. मी त्याहून बरेच जास्त दिले. ते घेईनात. मग चहा झाला आणि घेतले.

रस्ताभर काठी टेकवत आलो नाही. हातातच धरली.

12 डिसेंबर

सकाळभर तिच्याजवळ.

लांबी 34 इंच. मॅशी साधारण 38 ला असते, तेव्हा खालून चारेक इंच कापलेत किंवा झिजलेत. मूळच्या मुठीवरचं कातडं आणि खालचा लोकरी पट्टा गेलेला, खिळ्याचं एक भोक तेवढं राहिलंय. दांड्याचा रंग मधासारखा. खाली बोटभर चीर. डोक्याच्या नळीत दांडा बसवून आरपार खिळा मारलेला. नळीच्या तोंडाला कानशीनं पाडलेले दाते, लाकूड घट्ट धरायला. दाते खोल आणि हातानं केलेले. लोहाराचं काम.

चेंडूला लागणारी बाजू सपाट. रेषा नाहीत, ठिपके नाहीत. म्हणजे जुना. रबरी गाभ्याचा हास्केल चेंडू 1898-99 च्या सुमाराला आला, आणि त्याला फिरकी द्यायला पुढे लोखंडावर रेषा आणि ठिपके पाडू लागले. त्याआधी गटापर्चाचा चेंडू. गटापर्चा मलायातल्या झाडांचा चीक. ती झाडं आपल्या मोहाच्या, चिकूच्या कुळातली. 1848 पासून तो चेंडू चालला. त्याच्याही आधी कातड्यात पिसं कोंबून शिवलेला चेंडू, तो लोखंडाच्या फटक्यानं फुटायचा, म्हणून तेव्हा लोखंडी क्लब थोडे. कडक चेंडू आला आणि लोहारांना काम लागलं.

सपाट चेहरा, म्हणजे बहुधा 1900 च्या अलीकडे-पलीकडे.

पाठीवर बनवणाऱ्याची खूण असते. पाठ गुळगुळीत. आरशासारखी. कुणीतरी तळवा ठेवून ठेवून झिजवली आहे.

13 डिसेंबर

खूण सापडत नाही. भिंग, बॅटरी, तिरपा उजेड. काही नाही.

14 डिसेंबर

पातळ कागद पाठीवर धरला आणि शिसपेन्सिल आडवी घासली. पहिल्या कागदावर नुसतं काळं. दुसऱ्यावर इंग्रजी ए, एन, डी, आर. तुटक, पण आहेत. आणि वर एक वाकडी रेघ, तिच्या टोकाला गोलसर काही.

रात्री जेवताना तो कागद ताटाशेजारी. हिनं उचलून पुस्तकात ठेवला.

16 डिसेंबर

ए, एन, डी, आर म्हणजे सेंट अँड्र्यूज. स्कॉटलंडचं ते गाव, गोल्फचं पंढरपूर.

खुणा आठवून कागदावर काढल्या. फोर्गनचा मुकुट. किंगहॉर्नच्या गिब्सनचा तारा. लेव्हनच्या निकॉलचा हात. काँडीचा गुलाब. अँडरसनचा बाण. आणि टॉम स्ट्युअर्टचा तंबाखूचा पाइप. वाकडी दांडी, टोकाला गोल.

पाइपच आहे.

स्ट्युअर्ट हा सेंट अँड्र्यूजचा लोहार. 1893 च्या सुमारास त्यानं स्वतःची भट्टी घातली. क्लबला दांडा बसवून विकणारे वेगळे, डोकं घडवणारे वेगळे. डोकं घडवणाऱ्यांमध्ये हा पाइप सगळ्यांत मानाचा. 1930 साली बॉबी जोन्सनं एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, हिकरीच्या दांड्यांवर, पोलादी दांड्याला परवानगी मिळून गेल्यानंतरही. त्याचे लोखंडी क्लब बरेचसे स्ट्युअर्टकडचे.

ते लोखंड देगलूर रस्त्यावर, फुटक्या घंगाळाशेजारी.

17 डिसेंबर

झोप नीट नाही. आनंदानंच.

18 डिसेंबर

मुलीचा पुण्याहून फोन. "बाबा, केवढ्याचं असेल ते?" तिला सांगितलं, 2007 साली न्यूयॉर्कला सदबीज्नं जेफ एलिस यांचा संग्रह लिलावात काढला तेव्हा अँड्र्यू डिक्सनचा अठराव्या शतकातला एक पटर 1,81,000 डॉलरला गेला. ती गप्पच झाली. मग सांगितलं, तो पटर जगात मोजक्यांपैकी, आणि स्ट्युअर्टचे क्लब हजारोंनी बनले. आपल्याकडच्याला त्याच्या पासंगालाही किंमत नाही. शिवाय हा कापलेला.

"मग एवढा आनंद कशाचा?"

तिला पुण्याचा जुना बाजार आठवतो. लहान असताना रविवारी माझ्याबरोबर यायची. तिथंच पहिला क्लब मिळाला होता, दांडा मोडलेला. मोडलेल्या ठिकाणी तंतू किती लांब निघालेत ते बघून मी घेतला. हैदराबादचा जुम्मेरात बाजार, मुंबईचा चोरबाजार, हे सगळं नंतरचं. त्या क्लबांचं मूळ कुणी सांगू शकत नाही. साहेबाचा बंगला मोडला, माल आला, एवढंच. हा क्लब आपल्या तालुक्यात कुणाच्या तरी हातात होता. ते घर शोधता येईल.

20 डिसेंबर

सिकंदराबादच्या ओळखीच्या संग्राहकांना फोटो पाठवले होते. लगेच फोन. घ्यायला तयार. रक्कम बरी सांगितली. एक अट, खूण वर आणून द्यायची.

मिटलेली खूण वर आणता येते. ठसा मारताना धातू आतपर्यंत दबतो. वरचं झिजलं तरी खालचा दबलेला भाग आम्लाला वेगळी दाद देतो. चोरीच्या गाडीचा घासून टाकलेला चेसिस नंबर पोलिसांच्या प्रयोगशाळेत असाच वाचतात. आयटीआयतला माझा जुना सहकारी, फिटरचा, हे करू शकेल. संग्राहक म्हणाले, अर्ध्या तासाचं काम.

पाठ आधी पूर्ण घासून चकचकीत करावी लागते.

21 डिसेंबर

त्या पाठीवर अंगठ्याच्या जागी एक खळगा आहे. आज बोटानं कळला. डोळ्याला दिसला नव्हता. उजवा अंगठा. माझ्या अंगठ्याहून लहान.

23 डिसेंबर

भाईंकडे गेलो. "काठी कुणी आणली?" देवर्जनकडचा पोरगा, हत्तीबेटाच्या टेकडीजवळच्या वस्तीवरचा. मोटर जळाली होती, तिच्याबरोबर गोठ्यातलं सगळं लोखंड झाडून आणलं. नाव माहीत नाही. मोटरसायकलच्या मागं पिवळी झूल.

ती झूल आठवली म्हणजे भाईंची कमाल.

25 डिसेंबर

डोळ्याच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकला म्हणून सांगितलं. फेब्रुवारीत करू म्हणाले. डावा डोळा ठीक.

27 डिसेंबर

स्कॉटलंडमध्ये रविवारी खेळायला बंदी असायची. तेव्हा हौशी लोक मुठीला क्लबचं छोटं डोकं लावलेली हातकाठी घेऊन फिरायला निघत. आजूबाजूला कुणी नसलं की काठी उलटी, खिशातला चेंडू खाली, दोन फटके. 'संडे स्टिक' म्हणत. संग्राहक त्या आवर्जून जमवतात. सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान आजही रविवारी खेळासाठी बंद असतं, लोक तिथं फिरायला येतात.

इथं कुणी क्लबचीच काठी केली. तीही बरोबर केली. लोखंडाच्या कोनात तळवा बसतो, बोटं नळीभोवती वळतात, जाड टोक जमिनीवर. मी स्वतः धरून अंगणात चाललो. सुताराच्या नजरेनं बघतो तर दुसरा आकार सुचत नाही.

29 डिसेंबर

उद्या येळवस. देवर्जनजवळच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं शेतात बोलावलंय. जायचंच.

30 डिसेंबर, सोमवार. वेळ अमावस्या

उदगीर सकाळीच ओस. सगळं गाव शेतात. हिनं पाहुण्यांसाठी म्हणून तिळाच्या पोळ्या घेतल्या.

कडब्याची कोप, आत चुना लावलेले पांडवांचे दगड, दिवा. भज्जी, उंडे, आंबील. भज्जीत वाटाणे, तूर, हरभरा, सगळं त्या रानातलं ओलं. आंबील मडक्यातली, गार. पोटभर झालं तरी वाढतच होते. तुरी उभ्या, शेंगा भरलेल्या. समोर हत्तीबेट.

विद्यार्थ्याला पिवळ्या झुलीची मोटरसायकल विचारली. तो हसला, म्हणाला, बांधाला बांध आहे त्यांचा.

दोन शेतं ओलांडून गेलो. त्यांच्याही कोपीत माणसं जेवत होती. म्हातारी बाई बाजूला पोत्यावर बसलेली. वय पंच्याऐंशीच्या आसपास. जवळ अल्युमिनियमची चार पायांची काठी, शिबिरात मिळालेली असावी, आडवी पडलेली. पोरानं मला ओळखलं नाही, मी भंगाराचं नाव काढलं तशी मान खाली घातली.

मावशींना विचारलं, तुमची लोखंडी मुठीची काठी होती का?

"होती नव्हं. कुठं घावली तुमाला?"

माझ्याकडे आहे म्हटलं. त्यांनी आधी पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग आन्लाव का?"

आणली नव्हती.

बसलो. त्यांनी सांगितलं ते इथं जसंच्या तसं लिहून ठेवतो. काठी त्यांच्या आजेसासऱ्यांची. ते मोमिनाबादला पलटणीत घोड्यांच्या खराऱ्याला होते. पलटण उठली तेव्हा साहेबाच्या बंगल्यातून जे ज्याला मिळालं ते घेऊन लोक गावी आले. आजेसासऱ्यांना एक घोंगडी आणि ही काठी. त्यांच्यानंतर सासऱ्यांकडे. सासरे तिनं चिंचा पाडायचे, साप मारायचे, बैल वळवायचे. त्यांच्यामागं ती गोठ्यातच होती. मावशींचा गुडघा गेला तेव्हा मालकांनी खालून कापून शेंबी ठोकून दिली. मालक जाऊन आता बरीच वर्षं झाली.

बोलताना उजवा हात मांडीवर. बोटं वळलेली, अंगठा पुढे, जणू काही धरलंय.

पोरगं हळूच म्हणालं, "मला वाटलं आज्जीला सरकारी काठी आली, आता ती लागत नाही."

"हे चार पायाचं ढेकळात बसतंय होय रे," म्हातारी म्हणाली. रागावून नाही.

मी म्हणालो, आणून देतो.

31 डिसेंबर

आणून देतो असं म्हणालो तेव्हा मनापासून म्हणालो होतो. आज घरी तिला भिंतीवर बघून देववत नाही. दोन्ही खरं.

सगळ्या संग्रहात एकाच क्लबाचा मालक मला माहीत झाला, आणि तोच जाणार.

2 जानेवारी 2025, गुरुवार

मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई. निजामाच्या खर्चानं ठेवलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणारी हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिच्याच खर्चापोटी 1853 च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. तिचं घोडदळ मोमिनाबादला असे. हिंगोली, औरंगाबाद, एलिचपूर, बोलारम इथंही छावण्या. 1902 ला निजामाशी नवा करार झाला, 1903 ला ही फौज भारतीय सैन्यात मिसळली. घोडदळाला नवी नावं मिळाली, 20वी डेक्कन हॉर्स, 29वी लान्सर्स, 30वी लान्सर्स. मावशी म्हणाल्या 'पलटण उठली', ते हेच.

स्ट्युअर्टची भट्टी 1893 ची. पलटण उठली 1903 ला. सपाट चेहरा. सगळं एकमेकांत चपखल बसतं. कागदपत्र एकही नाही, आणि तरी माझ्या भिंतीवरच्या कुठल्याच क्लबाची हकिकत इतकी पक्की नाही.

एक लोहार सेंट अँड्र्यूजमध्ये लोखंड तापवतो. अमेरिकेतलं झाड त्यात बसतं. जहाज मुंबईला. तिथून रेल्वे, मग बैलगाडी किंवा घोडा, बालाघाटाच्या डोंगरावर मोमिनाबाद. कुणी साहेब माळावर चेंडू मारत असेल. खरारा करणारा माणूस लांबून बघत असेल. त्याचं नाव मावशींनी सांगितलं. साहेबाचं कुणाला ठाऊक नाही. मला हा उलटा हिशेब आवडला.

3 जानेवारी

फिटर सहकारी घरी आला. पाठ बघून म्हणाला, येईल वर, शंभर टक्के. आम्ल त्याच्याकडे आहे.

अंगठ्याचा खळगा दाखवला. त्यानं बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. मग चहा पिऊन गेला. विषय त्यानंही काढला नाही, मीही नाही.

5 जानेवारी

दुरुस्ती. फक्त जिथं लागते तिथं.

डोकं हलत होतं. खिळा काढला नाही, काढला तर जुनं लाकूड फाटेल. नळीच्या तोंडातून पातळ गोंद सोडला, क्लब रात्रभर उभा ठेवला. खालची चीर शिकंज्यात हलकेच दाबून चिकटवली, वरून मेणाचा दोरा वेढे देऊन आवळला. क्लबवर मूळचाही असाच दोरा असतो, नळीच्या वर आणि मुठीच्या दोन्ही टोकांना, डांबर लावलेला. मला डांबर नको वाटलं, हाताला लागेल. मधमाशीचं मेण लावलं.

दांड्याला तेल. लोखंडाला फक्त कोरडं फडकं. पॉलिश पेपर पेटीतून काढलाच नाही.

6 जानेवारी

हलत नाही आता.

8 जानेवारी

पेठेत सोयाबीनच्या भावाचंच बोलणं. तुरी काढायला मजूर मिळेनात. मावशींकडे राशीची गडबड असेल. रविवारी जाऊ.

10 जानेवारी

सिकंदराबादचे पुन्हा. रक्कम वाढवली. म्हणाले, शेतकऱ्याच्या घरात ती वाया जाईल, तुम्ही जाणकार, तुम्हाला समजायला पाहिजे. मी म्हणालो, आज सव्वाशे वर्षं झाली, वाया गेली नाही. हिकरी माळ्यावर पडून किडते, भिंतीवर सुकून वाकते. रोज हातात असलेल्या दांड्याला हाताचं तेल मिळतं. या दांड्यासारखा सरळ दांडा माझ्या सगळ्या भिंतीवर नाही. त्यांना हे ठाऊक आहे. तरी फोन ठेवताना नाराज.

मला त्यांचा राग येत नाही. ते स्वतःच्या वस्तू जपतात, फार नीट जपतात. पण जपण्याचा हा एकच प्रकार नव्हे, असं माझं मत होत चाललंय.

12 जानेवारी, रविवार

गेलो. काठी पोत्यात गुंडाळून बसच्या खिडकीशी उभी धरली.

अंगणात तुरीचा ढीग. मावशी ओट्यावर. काठी हातात दिली. त्यांनी बघितली नाही, नुसती धरली. अंगठा खळग्यात गेला. उठल्या, ओट्यावरून उतरल्या, गोठ्यापर्यंत गेल्या, कालवडीच्या पाठीवर काठीचं टोक टेकवलं, परत आल्या.

"मूठ हलायची ती बंद झाली," म्हणाल्या. मग दोऱ्याचे वेढे बोटानं मोजल्यासारखे चाचपले. "ह्ये बरं केलाव."

मी पैसे घेतले नाहीत. त्यांनी शेरभर तूर बांधून दिली, ती घ्यावी लागली.

एक मागितलं. पाठीवरचा ठसा कागदावर घेऊ का? पोराला कागद-पेन्सिल दिली, कसं घासायचं ते दाखवलं. त्याचा हात हलका. माझ्याहून चांगला ठसा आला. ए, एन, डी, आर, आणि पाइपाची अख्खी दांडी. माझ्या कागदावर निम्मीच होती. पोरगं विचारतं, हे काय आहे? सेंट अँड्र्यूजच्या लोहाराची खूण म्हटलं. त्याला एवढ्यानं भागलं नाही, मग सगळं सांगितलं, भट्टी, हिकरी, घोडदळ. तो म्हणाला, "म्हणजे आमचा खापरपणजोबा बघत असंल ना तिथं उभा राहून." मी 2 तारखेला लिहिलं ते त्याला आपोआप सुचलं.

सूनबाई चहा घेऊन आल्या. मी उगाच म्हणालो, काठी पुढं कधी नको झाली तर मला कळवा. त्यांनी सरळ उत्तर दिलं, "नको कशी हुईल. माझे बी गुडघे चालू झालेत की."

बरोबर आहे.

14 जानेवारी

संक्रांत. भिंतीवर एक खिळा रिकामा. हिनं विचारलं, काढून टाकू का? राहू दे म्हटलं, ब्रासी लावतो तिथं.

15 जानेवारी

वहीत नोंद केली. मॅशी, लोखंडी डोकं, सपाट चेहरा. टॉम स्ट्युअर्ट, सेंट अँड्र्यूज, पाइपाची खूण, पाठीवर, तळव्यानं झिजलेली. दांडा हिकरी, 34 इंच, खालून कापलेला, शेंबी. मालकांची परंपरा तीन ओळींत. 'सध्या कुठे' या रकान्यात: वापरात.

तो रकाना मी आखला तेव्हा त्यात भिंत, पेटी आणि माळा यापलीकडे काही लिहीन असं वाटलं नव्हतं. दोन्ही ठसे शेजारी चिकटवले. पोराचा वर.

19 जानेवारी

पोरगं मोटरसायकलवर आलं. एकटं नाही, दोन मित्र घेऊन. सगळे क्लब खाली काढून दिले. निब्लिक, क्लीक, पटर. लोखंडाचा उतार बोटानं बघायला सांगितला. क्लीक जवळजवळ उभा, चेंडू लांब आणि खालून जातो. निब्लिक आडवा, चेंडू उंच उठतो. मॅशी मधला. पोलादी दांडे 1929 ला सेंट अँड्र्यूजनं मान्य केले, मग हळूहळू नावं जाऊन नंबर आले.

एकानं विचारलं, आपल्याकडचं कुणी खेळतं का हे? उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला, म्हटलं. मुंबईत चेंबूरला 1927 पासून क्लब आहे, पुण्यात येरवड्याला मैदान आहे. आणि ब्रिटिश बेटांबाहेरचा आजही चालू असलेला सगळ्यांत जुना गोल्फ क्लब भारतातला, कलकत्त्याचा, 1829 सालचा.

कापलेल्या सोयाबीनच्या रानात मारून बघू का, असं त्यांनी विचारलं. निब्लिक दिला. रबरी चेंडू त्यांचा. दांडा मोडला तर मोडू दे, असं आतून वाटलं, हे मला नवं.

मोडला नाही. संध्याकाळी माती पुसून आणून दिला.

22 जानेवारी

अंबाजोगाईला एकदा जायचं. डोळ्याचं झाल्यावर.

26 जानेवारी

झेंडावंदनाला शाळेत. नंतर डाव्या डोळ्यानं वर्तमानपत्र.

29 जानेवारी

पोराचा फोन. नव्या खोलीत फरशी बसवली, त्यावर शेंबी सरकते, आज्जी दोनदा तोल जाता जाता वाचली. शेंबी काढून टाकू का?

काढू नको म्हटलं. मालकांनी ठोकलेली आहे आणि तिच्यामुळेच खालचं लाकूड टिकलंय. वरून रबरी बूट बसवू. शेंबीची जाडी मोजायला सांगितली. दोऱ्यानं घेर मोजला, 6 सेंटिमीटर, म्हणजे व्यास 19 मिलिमीटर.

30 जानेवारी

सरकारी दवाखान्यासमोरच्या सर्जिकलच्या दुकानात 19 चा बूट संपलेला. 22 चा आहे. आत कातड्याची पट्टी गोल लावली तर घट्ट बसेल. तळाला चकती असलेला घेतला, ओल्या फरशीवर धरतो. चांभाराकडून दीड मिलिमीटर जाडीची पट्टी कापून घेतली. आणखी एक बूट जास्तीचा घेतला, झिजतो तो वर्षभरात.

उद्या सकाळी देवर्जनच्या गाडीनं.